बर्डीवर मिळालेली बोट

नागपूरला समुद्र नाही. झिरो माइलचा खांब आणि त्याच्याजवळचे चार दगडी घोडे दाखवून आम्ही बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगतो, बघा, हा देशाचा मध्य. पाहुणे कौतुकाने मान डोलावतात. कुठल्याही बाजूला निघालात तरी समुद्र लांबच, हे मात्र आम्ही सांगत नाही. मुंबई गाठायची तर रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर. सागर म्हणावं असं गावात एकच, गांधीसागर, आणि तोही मुळात शुक्रवारी तलाव. फुटाळ्याच्या काठाला लोक हौसेने चौपाटी म्हणतात. तिथे संध्याकाळी मक्याची कणसं भाजून मिळतात, वारा सुटला तर पाण्यावर चार लाटाही उठतात. तेवढ्यावर आमचं भागतं.

अशा गावात राहून मला मराठीतली जी कादंबरी सगळ्यांत जवळची वाटते, ती जवळजवळ सगळी बोटीवर घडते. आणि ती मला मिळाली बर्डीवर, फुटपाथवर. (बर्डी म्हणजे सीताबर्डी. पूर्ण नाव घेणारा माणूस नागपूरचा नाही, असं खुशाल समजावं.)

मी तिथे गेलो होतो मुलीसाठी बारावीच्या रसायनशास्त्राचं गाइड बघायला. जुन्या पुस्तकांच्या ढिगात बहुतेक माल परीक्षेचाच असतो. स्पर्धा परीक्षांचे ठोकळे, इंजिनिअरिंगच्या झेरॉक्स नोट्स, एखादं इंग्रजी रहस्यकथेचं पुस्तक, मुखपृष्ठ उडालेला दिवाळी अंक. त्यात एक पातळ पुस्तक होतं, वाचनालयाच्या बांधणीचं. जाड पुठ्ठा, कापडी कणा, कण्यावर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर, आणि आतल्या पानावर वाचनालयाच्या शिक्क्यावर आडवा मारलेला दुसरा शिक्का, ‘रद्द’. नाव होतं ‘रणांगण’.

‘‘हे कितीला?’’ मी विचारलं.

विक्रेत्याने पुस्तक उलटंपालटं केलं. ‘‘लढाईचं दिसून राह्यलं भाऊ. तीस द्या.’’

मी चार पानं चाळली. ‘‘आत कुठं लढाई दिसत नाही.’’

‘‘मंग वीस द्या.’’

लढाई नसल्याचे दहा रुपये कमी करून घेऊन मी घरी आलो. रसायनशास्त्राचं गाइड मिळालंच नाही. ते नंतर नवंच घ्यावं लागलं.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती असं नाही. उलट आई वाचणारी. ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ ही तिची पुस्तकं तिच्या लुगड्यांच्या कपाटात, लुगड्यांच्याच मानाने ठेवलेली असत. ‘मृत्युंजय’ तर दरवर्षी गणपती गेले की बाहेर निघायचं आणि दिवाळीच्या साफसफाईपर्यंत चालायचं. त्यामुळे थोर कादंबरी म्हणजे वजनदार, पुराणातली किंवा इतिहासातली, आणि पोटावर ठेवून वाचली तर श्वास जड व्हावा अशी, हे माझ्या मनात पक्कं बसलेलं. विश्राम बेडेकर हे नाव मला माहीत होतं ते ‘टिळक आणि आगरकर’ या नाटकामुळे. त्यांनी उभ्या आयुष्यात एकच कादंबरी लिहिली आणि ती एवढीशी आहे, हे पुस्तक हातात आल्यावरच कळलं.

मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्याबद्दल नागपूरकराने सांगू नये, अतिशयोक्ती वाटते. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास घरभर असतो आणि माणसं झोपतात किंवा झोपल्याचं सोंग करतात. मी आडवा होऊन पुस्तक उघडलं ते झोप लागावी म्हणूनच.

पहिल्या पानांनी झोप आणली नाही, राग आणला. गोष्ट सांगणारा चक्रधर विध्वंस हा युरोपातून बोटीने हिंदुस्थानात परत चाललेला तरुण. प्रेमात एकदा पोळलेला आणि त्या पोळण्याचा सूड जगातल्या यच्चयावत बायकांवर उगवायला निघालेला. तो बायकांबद्दल बोलतो ते ऐकवत नाही. बोटीवरचे त्याचे देशबांधव त्याहून सरस. परदेशातून शिकून परतणारी ही मंडळी डेकवर बसून जे बोलतात, ते पानठेल्यावर कुणी बोललं तर मी तिथून सरकून उभा राहीन. चक्रधर हे नाव आम्हा वऱ्हाड-नागपूरकडच्या लोकांच्या कानाला किती ओळखीचं आहे! चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलं. त्या नावाचा हा असला नायक बघून मी पुस्तक पालथं ठेवलं आणि पाणी प्यायला उठलो.

परत आलो तो हार्टा आली होती.

हार्टा जर्मन ज्यू आहे. हिटलरच्या राज्यातून बाहेर ढकलली गेलेली. तिच्यासारखी आणखीही माणसं बोटीवर आहेत. लुई नावाचा एक लहान मुलगा आहे, त्याला चक्रधराचा लळा लागतो. बोट मुंबईला थांबणार आणि पुढे पूर्वेला जाणार. चक्रधर मुंबईला उतरणार, हार्टाला तिथे उतरता येणार नाही. हे पहिल्यापासून वाचकाला ठाऊक, चक्रधराला ठाऊक, हार्टालाही ठाऊक. तरीही ती प्रेम करते, आणि बायकांना खेळणं समजणारा हा गडी हळूहळू, स्वतःच्या मनाविरुद्ध, माणसात येतो. गोष्ट एवढीच. बेडेकर सिनेमातले होते. १९३४ साली त्यांच्या नावावर ‘कृष्णार्जुन युद्ध’ होतं आणि चित्रपटाचं शिक्षण घ्यायला ते इंग्लंडला जाऊन आले होते. त्यांची वाक्यं आखूड आहेत. प्रसंग मध्येच सुरू होतो आणि भावनेचा उमाळा यायच्या आत तुटतो. वर्णनात पान घालवणं त्यांना परवडत नाही. समुद्राचंही फार वर्णन नाही, आणि तरी त्या दुपारी माझ्या खोलीत पाणीच पाणी झालं होतं.

आता थोडं मागचं सांगायला हवं, कारण मलाही ते नंतरच नीट कळलं आणि कळल्यावर पुस्तक मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बेडेकरांचा जन्म १९०६ चा, अमरावतीचा. म्हणजे आमच्यापासून दीडशे किलोमीटरवरचा आणि समुद्रापासून आमच्याइतकाच वंचित. ‘रणांगण’ निघाली १९३९ साली. त्या काळी मराठी कादंबरीवर फडके-खांडेकरांचं राज्य. कॉलेजातली सुंदर तरुणी, ध्येयवादी तरुण, प्रेमाचा त्रिकोण, अधूनमधून देशसेवा. वाचक त्यात सुखी होते. अशात हा माणूस जर्मन ज्यू बाईची आणि एका कडवट, अर्धवट भित्र्या मराठी पुरुषाची गोष्ट घेऊन आला. फारसं कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. पुढे समीक्षकांनी आणि नव्या लेखकांनी तिला वर काढलं, आणि आज मराठीतल्या पाच-दहा महत्त्वाच्या कादंबऱ्या मोजायला बसलात तर तिला वगळून यादी होत नाही. त्याच घरात आणखी एक लेखणी होती. त्यांच्या पत्नी मालतीबाई म्हणजेच विभावरी शिरूरकर. १९३३ च्या त्यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने महाराष्ट्रात केवढं वादळ उठवलं होतं. बायकोचं पुस्तक गाजलेलं, नवऱ्याचं पडलेलं. त्या जेवणाच्या ताटांवर काय बोलणं होत असेल, असा आगाऊ विचार माझ्या मनात येतो.

आणि त्या बोटी. त्या काल्पनिक नव्हत्या. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देशांचे प्रतिनिधी जमले आणि निर्वासित ज्यूंबद्दल सहानुभूतीची भाषणं करून बहुतेक सगळे दारं न उघडता घरी गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीभर प्रार्थनास्थळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं गेलं. ज्यांना निघता आलं त्यांना बरोबर फक्त दहा मार्क नेण्याची परवानगी. जायचं कुठे? व्हिसा न मागणारं एक बंदर उरलं होतं, शांघाय. इटलीच्या त्रिएस्ते आणि जेनोआ बंदरांतून ‘काँते व्हेर्दे’, ‘काँते बियांकामानो’ अशी नावं असलेल्या डौलदार बोटी निघत, सुएझमधून येत, मुंबईला थांबत, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत शांघायला पोचत. त्या मार्गाने पंधरा हजारांहून अधिक माणसं गेली. ती आपल्या मुंबईच्या धक्क्याला लागून गेली. आपली माणसं तिथे उतरत होती, नातेवाईक हार घेऊन उभे होते आणि वर कठड्याशी हे लोक उभे राहून बघत होते.

हे सगळं मराठीत कधी लिहिलं गेलं? अॅन फ्रँकने रोजनिशी लिहायला घेतली १९४२ साली, ती छापून जगापुढे आली १९४७ साली. गॅस चेंबर हा शब्द जगाला समजायचा होता. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी अमरावतीत जन्मलेल्या एका माणसाने हार्टाची गोष्ट छापून ठेवली होती. तिच्याभोवतीच्या हिंसेला पुढे काय रूप येणार आहे याची लेखकालाही कल्पना नव्हती. आपल्याला असते. त्यामुळे १९३९ च्या वाचकापेक्षा आपण ती जास्त भीतीने वाचतो. लुई खेळत असतो, आणि आपण त्याचं वय मोजून बघतो.

माझ्या प्रतीत एक सहप्रवासी होता. कुणीतरी आधीच्या वाचकाने मोजक्या जागी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. अक्षर बारीक, डावीकडे झुकलेलं. बोट मुंबईला लागते, चक्रधर उतरतो, त्या पानाच्या समासात त्याने एकच शब्द लिहिलाय, ‘भेकड’. पेन्सिल इतकी दाबून की मागच्या पानावर हाताला लागावी.

मी त्या अनोळखी माणसाशी पुष्कळ दिवस मनातल्या मनात वाद घातला. चक्रधराने काय करायला हवं होतं? तिला हाताला धरून खाली उतरवायचं? कायदा आडवा, घर आडवं, पैसा आडवा, जात-धर्म तर होतेच. दुसरं मन म्हणे, ही सगळी कारणं खरीच आहेत, आणि कारणं खरी असली म्हणून भेकडपणा जातो असं नाही. बेडेकरांनी आपल्या नायकाला सोडवायला एकही वाक्य खर्च केलेलं नाही. फडक्यांच्या कादंबरीत इथे वादळ आलं असतं, बोट फुटली असती, नाही तर निदान बंदरावरचा एखादा भला अधिकारी भेटला असता. इथे फक्त सामान उतरवलं जातं. मला सगळ्यांत जास्त टोचलं ते हे, की चक्रधराबरोबर वाचकही उतरतो. पुढचा प्रवास आपल्याला दिसत नाही. हार्टा पुढे जाते, आणि आपल्या हाती येतात ती फक्त तिची पत्रं. ती पत्रं कशी आहेत आणि त्यांचा शेवट काय होतो, हे इथे सांगणार नाही. पेन्सिलवाल्यानेही तिथे एकही खूण केलेली नाही. पानं कोरी आहेत, कोपरे मात्र हाताळून मऊ झालेले.

पुस्तक संपलं तेव्हा दिवेलागण झाली होती. आणि आता जे सांगणार आहे ते सांगायला थोडी जीभ अडखळते: मला अतोनात आनंद झाला होता. एका बाईची अशी फरपट वाचून माणसाला आनंद कसा होतो? मुलीने विचारलं, ‘‘बाबा, छान आहे का?’’ मी म्हटलं, ‘‘फार छान.’’ तिने विचारलं, ‘‘काय होतं त्यात?’’ मी सांगायला लागलो आणि मध्येच तीच म्हणाली, ‘‘मग छान काय त्यात?’’

याचं उत्तर मला घरात सुचलं नाही. सुचलं ते पुढे दसऱ्याला दीक्षाभूमीवर.

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तनदिनाला तिथे जे घडतं ते नागपूरबाहेरच्या पुष्कळ पुस्तकप्रेमींनी पाहिलेलं नसतं, आणि तरी ते वाचन संपल्याचे परिसंवाद भरवत असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तिथे विदर्भ-मराठवाड्यातून आणि त्याहूनही लांबून माणसं येतात. डब्यात उभं राहून, खांद्याला पिशवी अडकवून. दर्शन झालं की पुस्तकांच्या स्टॉलकडे वळतात. रांगाच्या रांगा स्टॉल. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, हाताला घट्टे पडलेले बाप्ये, शाळकरी पोरं. किंमत विचारतात, पैसे मोजतात, पुस्तक पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी ठेवतात. एका स्टॉलपुढे एक बाई उभ्या उभ्याच वाचत होत्या. पन्नाशीच्या असतील. बोट ओळीवरून सरकत होतं, ओठ हलत होते, धक्के बसत होते, त्या बाजूला सरायला तयार नव्हत्या. पुस्तक होतं बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. शेवटी त्यांच्या बरोबरच्या मुलाने हात धरून ओढलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘थांब ना रे, माह्याच घरचं लिवलं हाये इनं.’’

त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. ‘जिणं आमुचं’, ‘बलुतं’ ही काही सुखाची पुस्तकं नव्हेत, आणि तरी तिथे ती हातोहात खपतात. जे भोगलं ते कुणीतरी न लाजता, न सजवता, जसंच्या तसं मांडून दाखवलं की माणूस आतून सरळ उभा राहतो. माझं हार्टाशी तसलं काही नातं नाही. मी ज्यू नाही, बाई नाही, बोटीत कधी बसलो नाही. पण चक्रधर माझ्याच घरचा आहे. जिने वरून वाट पाहिली आणि ज्याने खाली उतरून टॅक्सी केली, त्यातला दुसरा मी केव्हाही असू शकतो. इतकं नेमकं ओळखलं जाण्यात लाज असते, आणि आनंदही असतो. तो आनंद मला ‘मृत्युंजय’ने कधी दिला नाही. कर्णाच्या जागी स्वतःला बसवणं फार सोपं असतं.

आता या शोधाची दुसरी बाजू. कादंबरी वाचून झाल्यावर मी गावभर तिचा प्रचार सुरू केला. आमचे एक निवृत्त सहकारी, वाचणारे. त्यांना फोन लावून मी मोठ्या उत्साहाने सांगायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘अरे, हे तू आता वाचलंस?’’ शेजारच्या मराठीच्या बाई म्हणाल्या, ‘‘आम्हाला एम.ए.ला होतं ना ते. दहा मार्कांचा प्रश्न यायचा.’’ धाकट्या मेहुण्याने तर जेरी पिंटो यांचा २०२० सालचा इंग्रजी अनुवादही वाचलेला निघाला. म्हणजे मी जो खंड शोधून काढला होता, तिथे लोक आधीपासून सुखाने नांदत होते. माझं एवढंच म्हणणं, की मग इतकी वर्षं गप्प का बसलात? सिनेमा आवडला की माणूस ऑफिसात चार जणांना सांगतो. सावजीचं नवं भोजनालय सापडलं तर रात्री अकराला फोन करतो. कादंबरी आवडली की मात्र ती आपल्यापाशी ठेवतो, जणू वाचल्याची बढाई होईल.

आणि हे या गावात व्हावं! मराठी कादंबरीच्या पहिल्या शंभर वर्षांचा जमाखर्च ज्यांनी मांडला, त्या कुसुमावती देशपांडे इथल्याच. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’पासूनची वाटचाल त्यांनी ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथात तपासली. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात त्या इंग्रजी शिकवत. १९६१ च्या ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या, त्या पदावर बसलेली पहिली बाई. कवी अनिल त्यांचे यजमान. कादंबरीबद्दल भांडावं, हिरीरीने बोलावं, याची रीत या गावाने पाहिलेली आहे. आज साहित्यावर बोलायला आम्ही जमतो ते सत्काराला.

मी त्या मेनंतर वाचनात सुधारलो, असं म्हणत नाही. पहिल्या पन्नास पानांत सोडलेल्या कादंबऱ्या माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या काही फार नावाजलेल्या आहेत. त्यांची नावं सांगितली तर भांडणं होतील. वाचनाचा आनंद रोज मिळत नाही. वीस पुस्तकं नुसती बरी जातात, आणि मग एखाद्या दुपारी खोलीत पाणी चढतं. त्या एका दुपारसाठी बाकीची वीस वाचायची असतात की काय, याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

तुम्ही ‘रणांगण’ वाचली नसेल तर वाचा. लहान आहे, एका रविवारी होते. नव्या आवृत्त्या मिळतात, वाचनालयातही असेल, आणि नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून या, म्हणजे निदान ‘रद्द’चा शिक्का मारणाऱ्यांना कळेल की कुणी विचारतंय. पहिल्या पानांत चक्रधराचा राग येईल, तेवढा सोसा. प्रस्तावना असलीच तर ती शेवटी वाचा. वाचून झाल्यावर चार जणांना सांगा. आणि समासात काही लिहावंसं वाटलं, तर पेन्सिलने लिहा. पुस्तक तुमच्यानंतर आणखी कुणाच्या तरी हातात जाणार आहे.